अभ्यासाचे साध्य कोणते?



शालान्त परीक्षेचा निकाल हाती पडला की घरोघरी शाखेची चर्चा सुरू होते. कला, वाणिज्य की विज्ञान? पुढे अभियांत्रिकी की आणखी काही? गुणपत्रिकेतील आकडे, शेजारच्या मुलाने घेतलेली शाखा, एखाद्या अनुभवी आप्ताचा सल्ला आणि नोकरीची आशा यांच्या आधारे बहुधा हा निर्णय होतो. यांपैकी कोणतीही गोष्ट टाकाऊ नाही. मुलांच्या पोटापाण्याची काळजी आईवडिलांनी करावयाची नाही, तर कोणी करावयाची? परंतु या सगळ्या चर्चेत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो असा की, ही शाखा घेऊन तीन-चार वर्षे अभ्यास केल्यावर आपल्याला नेमके काय करता येऊ लागेल?

‘पदवी मिळेल’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ‘अमुक विषय शिकवितात’ हेही नव्हे. अभ्यास संपल्यावर विद्यार्थ्याच्या अंगी कोणते सामर्थ्य यावे, याचे आधी केलेले स्पष्ट विधान म्हणजे त्या अभ्यासाचे उद्दिष्ट होय. अलीकडे याला ‘अध्ययन-निष्पत्ती’ असे नाव रूढ झाले आहे. प्रस्तुत लेखात साहित्य, लेखन, लॅटिन भाषा आणि अभियांत्रिकी या चार महाविद्यालयीन अभ्यासांची उद्दिष्टे आपण पाहू. हे चार विषय वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे आहेत, म्हणूनच ते निवडले आहेत. त्यांच्या उद्दिष्टांत काही समान सापडले, तर ते कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल.

पाठ्यक्रम आणि उद्दिष्ट

या दोन शब्दांची आपण सर्रास गल्लत करतो. पाठ्यक्रम ही शिकवावयाच्या भागांची यादी असते. ‘प्रकरण चौथे : पायथागोरसचा सिद्धांत’ ही नोंद पाठ्यक्रमातील झाली. ‘भिंतीची उंची आणि पायथ्यापासूनचे अंतर दिले असता शिडी किती लांब हवी ते विद्यार्थी काढू शकेल’ हे झाले उद्दिष्ट. पहिल्या वाक्याचा भार शिक्षकावर आहे, दुसऱ्याचा विद्यार्थ्यावर. पाकशास्त्राच्या पुस्तकातील कृती तोंडपाठ असणारा मनुष्य आणि आयत्या वेळी दारात आलेल्या चार पाहुण्यांना वेळेवर जेवू घालणारी गृहिणी यांच्यात जे अंतर आहे, तेच पाठ्यक्रम उरकण्यात आणि उद्दिष्ट गाठण्यात आहे.

हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचे काम विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत झाले. राल्फ टायलर या शिक्षणतज्ज्ञाने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पुस्तकात असे सुचविले की, अभ्यासक्रम आखताना प्रथम उद्दिष्टे ठरवावी, मग अनुभव निवडावे, त्यांची संगती लावावी आणि शेवटी उद्दिष्ट साधले की नाही ते तपासावे. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या मांडल्या. २००१ मध्ये त्या पायऱ्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा त्यांची नामे बदलून क्रियापदे करण्यात आली : आठवणे, समजणे, वापरणे, पृथक्करण करणे, पारखणे आणि निर्माण करणे. हा बदल दिसावयास व्याकरणाचा असला, तरी त्यात मर्म आहे. ज्ञान ही साठवून ठेवण्याची वस्तू मानण्याऐवजी ती मनाची कृती मानली गेली.

नदीकाठच्या माणसाला परिचित असलेल्या भरती-ओहोटीवर या पायऱ्या लावून पाहू. आपल्या किनाऱ्यावर साधारणपणे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, हे सांगणे म्हणजे आठवणे. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे हे घडते, असे स्वतःच्या शब्दांत उलगडून सांगणे म्हणजे समजणे. आजच्या भरतीची वेळ ठाऊक असता उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येईल, असा अंदाज बांधणे म्हणजे वापरणे. पावसाळ्यात नदीचे पाणी चढले असता त्यात पुराचा वाटा किती आणि भरतीचा किती, हे वेगळे काढणे म्हणजे पृथक्करण. काठावरची एखादी जागा घर बांधण्यास योग्य आहे की नाही, याचा कारणांसह निर्णय देणे म्हणजे पारखणे. आणि खाजन शेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून बांधाची व पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीची नवी आखणी करणे म्हणजे निर्माण करणे. विषय एकच, पण प्रत्येक पायरीवर मनाला वेगळे काम पडते.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. उद्दिष्टे सुंदर शब्दांत छापली म्हणून ती साधतातच असे नाही. उद्दिष्टात ‘पारखणे’ लिहिलेले असेल आणि प्रश्नपत्रिका केवळ ‘आठवणे’ तपासत असेल, तर विद्यार्थी पाठांतरच करणार. यास्तव एखाद्या अभ्यासक्रमाचे खरे उद्दिष्ट जाणून घ्यावयाचे असेल, तर माहितीपुस्तिकेच्या जोडीला मागील प्रश्नपत्रिकाही पाहाव्या.

साहित्य : अर्थ लावण्याची जबाबदारी

महाविद्यालयात साहित्य घेणे म्हणजे आणखी कथा व आणखी कविता वाचणे, अशी पुष्कळांची समजूत असते. शाळेत आपण लेखकाचा परिचय, पाठाचा सारांश आणि संदर्भासहित स्पष्टीकरण लिहितो. ती पहिली तयारी झाली. साहित्याच्या पदवी-अभ्यासाची उद्दिष्टे पाहिली, तर साधारणतः चार गोष्टींवर भर दिसतो. विद्यार्थ्याने मूळ संहिता बारकाईने वाचावी. तिच्याविषयी केलेल्या प्रत्येक विधानाला संहितेतूनच पुरावा द्यावा. ती कोणत्या काळात, कोणत्या समाजात व कोणत्या वाङ्मयप्रकारात निर्माण झाली, हे जाणून तिचे स्थान ठरवावे. आणि एकाच कृतीचे दोन भिन्न अर्थ समोर आले, तर त्यांची तुलना करून आपला निर्णय द्यावा.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी घ्या. १८९० पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तीत यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. ‘ही कादंबरी फार करुण आहे’ असे लिहिणाऱ्याने आपल्या मनाची अवस्था सांगितली, कादंबरीविषयी मात्र थोडेच सांगितले. साहित्याचा विद्यार्थी निराळा प्रश्न विचारतो : हीच कहाणी एखाद्या तिऱ्हाइताने सांगितली असती, तर वाचकाच्या हातून काय निसटले असते? आता त्याला पुस्तक पुन्हा उघडावे लागते. यमूला जे उमगलेले नाही, पण वाचकाला उमगते, अशी स्थळे शोधावी लागतात. त्या काळी स्त्रियांच्या शिक्षणाची व विधवांची स्थिती काय होती, हे इतिहासातून पाहावे लागते. मग तो जे मत देईल ते कदाचित दुसऱ्याला मान्य होणार नाही, परंतु त्यावर वाद घालता येईल, कारण त्याच्या मागे पुरावा असेल.

‘साहित्यात काय, प्रत्येकाचे मत खरेच’ असे जे म्हटले जाते, त्यात अर्धेच सत्य आहे. अर्थ अनेक असू शकतात, परंतु मनास येईल तो अर्थ चालत नाही. ज्याला संहितेचा आधार नाही, तो अर्थ टिकत नाही. हीच शिस्त पुढे वकिलाला कायद्याचे कलम वाचताना, पत्रकाराला मंत्र्याचे निवेदन वाचताना आणि नागरिकाला निवडणुकीतील जाहीरनामा वाचताना उपयोगी पडते.

लेखन : कोणासाठी, कशासाठी?

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, तो कोणत्याही शाखेचा असो, लेखनाचा एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तेथील लेखन-अभ्यासक्रमांच्या संचालकांच्या परिषदेने २००० मध्ये या अभ्यासक्रमाच्या साध्यांचे एक निवेदन स्वीकारले आणि २०१४ मध्ये ते सुधारून पुन्हा प्रसिद्ध केले. त्यात चार प्रमुख अंगे आहेत. वाचक, हेतू आणि प्रसंग ओळखून लिहिणे हे पहिले. दुसऱ्यांचे लेखन चिकित्सकपणे वाचून त्याचा आपल्या लेखनात उपयोग करणे हे दुसरे. मसुदा करणे, इतरांचे अभिप्राय घेणे व फेरलेखन करणे ही प्रक्रिया तिसरे. आणि शुद्धलेखन, विरामचिन्हे, मांडणी, आधारांचा निर्देश इत्यादी संकेत पाळणे हे चौथे.

आपल्याकडे निबंध तपासताना या चौथ्या अंगाकडेच अधिक लक्ष जाते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने खुणावणे सोपे असते. ते आवश्यकही आहे, पण शुद्ध लिहिलेले पत्रदेखील निष्फळ ठरू शकते. समजा, शाळेच्या वाटेवरील ओढ्याचा साकव पावसात खचला आहे. त्याविषयी तीन पत्रे लिहावयाची आहेत. मुंबईच्या मावसभावाला लिहिताना ओढ्याचा लोंढा, भिजलेली दप्तरे आणि आजोबांनी खांद्यावरून पलीकडे नेलेली लहान मुले यांचे वर्णन शोभेल. ग्रामपंचायतीच्या सरपंचांना लिहिताना साकवाची जागा, तो खचल्याचा दिवस, रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या आणि नेमकी मागणी हवी. तेथे लोंढ्याचे काव्य नको. वृत्तपत्राच्या संपादकांना लिहिताना ज्याने तो साकव कधी पाहिलेला नाही, अशा वाचकालाही प्रश्नाचे गांभीर्य पटले पाहिजे. साकव एकच, पण वाचक बदलला की कोणती गोष्ट आधी यावी, कोणती गाळावी, कोणता शब्द वापरावा हे सर्व बदलते.

फेरलेखनाविषयीही दोन शब्द. कच्च्या वहीतील मजकूर सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत उतरविणे याला फेरलेखन म्हणत नाहीत. मसुदा एक दिवस बाजूला ठेवून परक्याच्या नजरेने वाचणे, दुसरा परिच्छेद पहिला करणे, आवडते पण अनावश्यक वाक्य काढून टाकणे, हे फेरलेखन होय. महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला ही सवय नवी वाटते व जड जाते. ती शाळेतच लावून घेतलेली बरी.

लॅटिन : प्रत्ययांत दडलेला अर्थ

आता तिसरा विषय. आपल्यापैकी फार थोड्यांना लॅटिन शिकण्याची संधी मिळेल. मग तिचा विचार का करावा? एक तर तिच्या अभ्यासाची उद्दिष्टे संस्कृताच्या अभ्यासालाही जशीच्या तशी लागू पडतात. दुसरे म्हणजे, गोमंतकाचा व कोकणी भाषेचा तिच्याशी जुना संबंध आहे.

महाविद्यालयीन लॅटिनची उद्दिष्टे अशी सांगता येतील : शब्दांची रूपे अचूक ओळखणे, पूर्वी न पाहिलेला उतारा कोशाच्या साहाय्याने समजून घेणे, रोमन समाजाची ओळख करून घेणे आणि आपल्या भाषेशी तिची तुलना करणे. यांतील पहिले उद्दिष्ट रूक्ष वाटते खरे. ‘कानिस होमिनेम मोर्देत’ हे वाक्य पाहा. त्याचा अर्थ, कुत्रा माणसाला चावतो. आता शब्दांची अदलाबदल करून ‘होमिनेम कानिस मोर्देत’ म्हटले, तरी चावणारा कुत्राच राहतो. पण ‘होमो कानेम मोर्देत’ म्हटले की माणूस कुत्र्याला चावू लागतो! शब्दांचा क्रम पूर्वीचाच राहो वा बदलो, कर्ता कोण आणि कर्म कोण हे प्रत्यय ठरवितो. ज्या विद्यार्थ्याने ‘रामः’ आणि ‘रामम्’ यांतील भेद जाणला आहे, त्याला ही युक्ती परकी वाटणार नाही. लॅटिनचा विद्यार्थी अंदाजाने वाचू शकत नाही. प्रत्येक शब्दाच्या शेवटाकडे त्याला पाहावेच लागते. सावकाश वाचण्याची ही तालीम हेच त्या अभ्यासाचे मोठे फळ होय.

तुलनेचे उद्दिष्ट तर आपल्याला फारच रंजक वाटेल. संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पातेर’, ‘दन्त’ आणि ‘देन्स’, ‘अग्नि’ आणि ‘इग्निस’, ‘अस्ति’ आणि ‘एस्त’ हे एकाच मूळ कुळातील शब्द आहेत. काही लॅटिन शब्द पोर्तुगीज भाषेच्या मार्गाने आपल्या घरातच आले. लॅटिन ‘पानिस’पासून पाव, ‘क्लाविस’पासून चावी. ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. देणेकऱ्याने पैसे चुकते केले की धनको शांत होतो, म्हणून त्या शब्दाला ‘पैसे देणे’ असा अर्थ आला आणि त्यातूनच आपला पगार निघाला. माडाचे शास्त्रीय नाव ‘कोकोस नुसिफेरा’ असे आहे. त्यातील ‘नुसिफेरा’ म्हणजे कवचीचे फळ धारण करणारा. हा ‘फेर्’ धातू आणि संस्कृतातील ‘भृ’ धातू एकमेकांचे सख्खे आहेत.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने येथील औषधी वनस्पतींवर पोर्तुगीज भाषेत लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. युरोपातील विद्वानांत तो पसरला तो मुख्यतः क्लूसियस याने १५६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन सारानुवादामुळे. पुढे कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक फान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅम येथे लॅटिनमध्ये निघाले. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांची १६७५ सालची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचेही त्या कामी मोठे साहाय्य झाले. माहिती आपल्या वैद्यांची, वनस्पती आपल्या भूमीच्या, पण ग्रंथाची भाषा लॅटिन! परिणामी तीनशे वर्षांहून अधिक काळ तो ग्रंथ येथील सामान्य अभ्यासकाला बंद पेटीसारखा राहिला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ती पेटी उघडली. वनस्पतिशास्त्रज्ञाला लॅटिनचे काय काम, असे विचारणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे.

अभियांत्रिकी : गणिताच्या पलीकडे

चौथा अभ्यास अभियांत्रिकीचा. पुष्कळ पालकांचे डोळे याच शाखेकडे लागलेले असतात. गणित व पदार्थविज्ञान चांगले असले की मुलगा वा मुलगी इंजिनियर होण्यास पात्र, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१९-२० पासून लागू केलेली सात साध्ये पाहा. गुंतागुंतीचे प्रश्न गणित व विज्ञान यांच्या आधारे सोडविणे, लोकांची सुरक्षितता व आरोग्य ध्यानी घेऊन रचना करणे, निरनिराळ्या लोकांशी परिणामकारक रीतीने बोलणे-लिहिणे, नैतिक जबाबदारी ओळखणे, गटात काम करणे, प्रयोग करून निष्कर्ष काढणे आणि नवे ज्ञान स्वतः मिळविणे, अशी ती सात आहेत. यांतील निम्म्याहून अधिक साध्यांचा संबंध केवळ गणिताशी नाही. आपल्या देशालाही हे लागू आहे. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा ‘वॉशिंग्टन करार’ १९८९ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये भारत त्याचा स्थायी सभासद झाला. त्या कराराच्या अपेक्षांतही संवाद, नीती आणि समाजाविषयीची जबाबदारी यांना स्थान आहे.

असे का असावे? कॅनडातील क्वेबेक येथील पुलाची हकीकत याचे उत्तर देते. सेंट लॉरेन्स नदीवर जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभारण्याचे काम चालले होते. मधल्या गाळ्याची लांबी प्रथम १६०० फूट ठरली होती, ती नंतर १८०० फूट करण्यात आली. लांबी वाढली म्हणजे पुलाचे स्वतःचे वजनही वाढणार. पण त्या वाढीव वजनाचे गणित वेळीच नव्याने केले गेले नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालचे पोलादी भाग वाकू लागल्याचे जागेवरील तरुण अभियंत्याच्या ध्यानी आले. तो न्यूयॉर्कला जाऊन सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यास भेटला. पुलावर आणखी भार टाकू नये, अशा आशयाची तार कूपरने लगेच पाठविली. मात्र ती बांधकामाच्या जागी न जाता पोलादकाम करणाऱ्या कंपनीच्या दूरच्या कचेरीत गेली. पुलावरचे काम त्या दिवशी चालूच राहिले. २९ ऑगस्ट १९०७ रोजी सायंकाळी पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले.

या दुर्घटनेचे पृथक्करण आपल्या चार विषयांच्या दृष्टीने करा. गणिताची चूक तर उघड आहे. पण वाकलेल्या पोलादाचा अर्थ लावण्यात मतभेद झाले, म्हणजे पुराव्याचे वाचन कमी पडले. इशारा लिहिला गेला, पण ज्याच्या हाती काम थांबविणे होते त्या वाचकापर्यंत तो पोहोचला नाही, म्हणजे लेखनाचे पहिलेच अंग हुकले. एका आकड्याचा बदल बारकाईने शेवटपर्यंत पाहिला गेला नाही. एका प्रत्ययाने वाक्याचा अर्थ उलटतो, हे जाणणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे मोल निराळे सांगावयास नको. गोमंतकीयांना तर पुलाची महती नव्याने पटवून देण्याची गरज नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल, बांधून वीस वर्षेही झाली नसताना, कोसळला आणि पुढे कित्येक दिवस लोकांची सारी भिस्त फेरीबोटींवर होती. तो काळ पाहिलेली वडीलधारी माणसे आपल्या घरी आहेत. त्यांना विचारा, पूल म्हणजे काय ते त्या सांगतील.

चारही विषयांतील समान सूत्र

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. या चारही अभ्यासांची उद्दिष्टे जवळजवळ ठेवली असता चार सवयी सर्वत्र आढळतात : बारकाईने पाहणे, विधानाला पुरावा देणे, समोरचा माणूस ओळखून सांगणे आणि आपल्या निर्णयाची जबाबदारी घेणे. साहित्यिकाची सामग्री शब्द आहे, अभियंत्याची पोलाद. परंतु मनाची मशागत पुष्कळशी एकच आहे. म्हणून कला शाखा ‘सोपी’ आणि अभियांत्रिकी ‘हुशारांची’ ही वाटणी उद्दिष्टांच्या पातळीवर टिकत नाही. शाखा निवडताना आपल्याला कोणत्या सामग्रीवर वर्षानुवर्षे काम करावयास आवडेल, हे पाहावे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती असते, तिचाही येथे विचार केला पाहिजे. माझ्याप्रमाणेच तुमच्यापैकी अनेकांच्या घरची भाषा कोकणी, शाळेची मराठी आणि पुढे महाविद्यालयाची इंग्रजी. ‘आमचा निभाव कसा लागेल?’ असे मुले विचारतात आणि पालकही विचारतात. पहिल्या काही महिन्यांत इंग्रजी परिभाषेशी झुंजावे लागते, हे खरे आहे. त्यासाठी शब्दसंग्रह वाढविलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. परंतु वर सांगितलेल्या चार सवयी कोणत्याही एका भाषेच्या मालकीच्या नाहीत. मराठीत पुरावा देऊन लिहिण्यास शिकलेला विद्यार्थी इंग्रजीतही पुरावा मागतो. मराठीत पोकळ लिहिणारा इंग्रजीतही पोकळच लिहितो. शिवाय दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला एक गोष्ट लहानपणापासूनच ठाऊक असते की, ऐकणारा बदलला म्हणजे सांगण्याची रीत बदलावी लागते. आजीशी कोकणीत आणि गुरुजींशी मराठीत बोलणाऱ्या तुम्हांला लेखनाचे पहिले उद्दिष्ट अर्धे साधलेलेच आहे.

पालकांनाही एक विनंती. मूल शाळेतून आले की ‘आज काय शिकविले?’ असे आपण विचारतो. अधूनमधून ‘आज तुला कोणती नवी गोष्ट करता आली?’ असेही विचारावे. उत्तर लगेच येणार नाही, पण मूल विचार करू लागेल.

स्वाध्याय

१. आपल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण घ्या. भरती-ओहोटीच्या उदाहरणाप्रमाणे त्यावर सहा पायऱ्यांचे सहा प्रश्न तयार करा.

२. बा. भ. बोरकर यांनी कोकणी व मराठी अशा दोन्ही भाषांत काव्य लिहिले. त्यांची प्रत्येक भाषेतील एक कविता वाचून दोन साम्ये व दोन भेद सांगा. प्रत्येक विधानासाठी कवितेतील स्थळ दाखवा.

३. गावातील एखाद्या गैरसोयीविषयी मित्राला, सरपंचांना आणि संपादकांना अशी तीन पत्रे लिहा. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा वाचून दुरुस्त करा.

४. घरात रोज वापरले जाणारे, पोर्तुगीज मार्गाने आलेले पाच शब्द शोधा आणि कोशात त्यांचे मूळ पाहा.

५. आपल्या गावातील एक पूल किंवा साकव नीट पाहा. त्याचे आधार कोठे आहेत, गंज वा तडे कोठे दिसतात, पावसाचे पाणी कोठून वाहते, याची नोंद करा. काही धोका दिसल्यास ती नोंद कोणाकडे पोहोचली पाहिजे, हे ठरवा आणि गुरुजनांच्या साहाय्याने ती तेथे पोहोचवा.

महाविद्यालयाची माहितीपुस्तिका हाती येईल, तेव्हा इमारतीचे चित्र आणि शुल्काचा तक्ता पाहून झाल्यावर अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांचे पान उघडा आणि त्यातील क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. यांतील कोणती क्रिया मला आज थोडीतरी करता येते आणि कोणती शिकावयाची आहे, हे स्वतःला विचारा. निर्णय घेण्यापूर्वी हे उत्तर घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. गुणपत्रिकेइतकेच तेही त्यांना ठाऊक असावयास हवे.